दुसरी गोळी

एल्क पडला की शिकार संपली, असं नवख्याला वाटतं. खरं काम तिथून पुढे. तीनेकशे किलोचं जनावर उतारावर आडवं झालेलं, मी गुडघ्यांवर, दोन्ही हात कोपरापर्यंत त्याच्या पोटात, आणि रायफल चार पावलांवर झाडाला टेकवलेली. मोंटानातल्या गॅलटिनच्या डोंगरात ऑक्टोबरअखेरीस दिवस झटकन कलतो. रक्ताचा वास वाऱ्याला लागतो, आणि हिवाळी झोपेआधी ग्रिझली अस्वलं खाण्यामागे वखवखून हिंडत असतात. पिस्तूल लागतं ते या तासाभरासाठी. शिकारीला नाही, पाठराखणीला.

मी मूळचा सावंतवाडीकडचा. आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची एकनळी बंदूक होती, रानडुकरांसाठी. ते म्हणायचे, "एक बार डुकराक, दुसरो नशिबाक." एकनळीत दुसरा बार नसतोच, हा त्यातला विनोद. मला तो इथे येऊन कळला.

सुरुवातीला मी सगळ्यांसारखाच आकड्याला भुललो आणि फोर्टी-फोर मॅग्नम रिव्हॉल्व्हर घेतलं. 240 ग्रेनची गोळी, सेकंदाला तेराशेहून जास्त फूट वेग. पण दर बाराला ते हातात असं उसळायचं की दुसऱ्यांदा नेम धरेपर्यंत श्वास संपावा. महिनाभरात मी चाप ओढायच्या आधीच डोळे मिटू लागलो. पिस्तुलाची भीती अस्वलाला वाटण्याआधी मलाच वाटू लागली होती.

मग फोर्टी-फाइव्ह एसीपी. बंदूक-रचनाकार जॉन ब्राउनिंगच्या काळापासूनचं, हाताला सुखाचं काडतूस. पण गोळी संथ, सेकंदाला साडेआठशे फुटांच्या आसपास. जाड कातडं, चरबी, स्नायू आणि मग हाड, एवढं ओलांडायला ती मला अपुरी वाटली. पिस्तुलाच्या गोळीच्या नुसत्या दणक्याने अस्वल थांबत नाही. तिला मेंदूपर्यंत किंवा कण्यापर्यंत पोचावं लागतं.

शेवटी स्थिरावलो टेन एमएमवर. हे काडतूस 1983 सालचं. पिस्तूल-प्रशिक्षक जेफ कूपरच्या कल्पनेतून आलेलं, स्वीडनच्या नॉर्माने बनवलेलं. 1986 मध्ये मायामीत बँकलुटारूंशी झालेल्या चकमकीनंतर एफबीआयने ते घेतलं, पण पूर्ण ताकदीचा धक्का अनेकांच्या हाताला झेपेना. ताकद उतरवली गेली आणि त्यातूनच 1990 मध्ये फोर्टी एस अँड डब्ल्यू जन्मलं. शहराने टाकलेलं हे काडतूस रानाने उचललं. ग्रीनलंडमध्ये कुत्र्यांच्या गाड्यांवरून गस्त घालणारं डॅनिश सिरियस पथक ध्रुवीय अस्वलांसाठी याच काडतुसाचं ग्लॉक 20 बाळगतं. मीही तेच घेतलं.

माझी गोळी 200 ग्रेनची, म्हणजे तोळ्याहून थोडी जड. कठीण शिशाची, चपट्या तोंडाची. शहरी पिस्तुलातली पोकळ तोंडाची गोळी आत फुलते आणि थांबते. मला सरळ खोल जाणारी हवी. उघड्या शिशाच्या गोळ्या आपल्या नळीत वापरू नका, असं ग्लॉकच सांगतं, म्हणून नळी बदलली. मग नव्या काडतुसांचे दोन डबे झाडून पाहिले. एकही अडकलं नाही, तेव्हा कुठे विश्वास टाकला.

खोडी याच्यातही आहेत. मनगट सैल पडलं की पुढचं काडतूस अडकतं. अस्वल अंगावर आलं आणि नळी त्याच्या छातीत रुतली, तर स्लाइड मागे ढकलली जाते आणि बार उडत नाही. रिव्हॉल्व्हरचं असं होत नाही. थंडीत दाट तेलाने स्लाइड जडावते, म्हणून तेल पातळ आणि थेंबभरच. होल्स्टर छातीवर, कारण कमरेला पाठपिशवीचा पट्टा.

आणि डाव्या कमरेला बेअर स्प्रे. पहिला हात तिकडेच जायला हवा. अलास्का सोडून अमेरिकेतल्या ग्रिझलीला 1975 मध्ये संघराज्याच्या कायद्याचं संरक्षण मिळालं. पण कायदा नसता तरी, आपण तिच्या जेवणघरात शिरलोय हे विसरून चालत नाही.

चिडलेलं अस्वल तीस मीटर दोनेक सेकंदांत कापतं. तेवढ्यात दोन बार झाले तर खूप. म्हणून सरावाला मी सात मीटरवर कागदी थाळी लावतो, गुडघ्यांवर बसतो, हात जमिनीला टेकवतो आणि तिथून सुरुवात करतो. मॅगझीनमध्ये पंधरा गोळ्या असतात, पण झाडायच्या दोनच. मग थाळी बदलायची. मॅग्नम असताना दुसरं भोक बहुतेक वेळा थाळीबाहेरच असायचं. आता बहुतेक वेळा आत असतं.

नऊ हंगामांत एकदाही रानात पिस्तूल उपसावं लागलं नाही. तरी दर मार्चमध्ये थाळ्या लागतात. पहिल्या गोळीची भोकं मी मोजत नाही.