कानाआधी मन ऐकतं

गडचिंचलेच्या चित्रफितीत कुणीतरी ‘ओय बस, ओय बस’ असं ओरडतं. एप्रिल 2020मध्ये ती फीत फोनाफोनी फिरली, तेव्हा पुष्कळांना त्यात ‘शोएब, बस’ असं ऐकू आलं. त्यातले बरेच जण खोटं बोलत नसावेत; त्यांना खरंच तसं ऐकू आलं असणार. समाजमानसशास्त्र शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला या प्रकरणात सर्वांत अस्वस्थ करते ती हीच गोष्ट.

घटना सर्वांना ठाऊक आहे. 16 एप्रिलच्या रात्री, कोरोनाच्या टाळेबंदीत, कांदिवलीहून सुरतेला अंत्यविधीसाठी निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक डहाणू तालुक्यातल्या गडचिंचलेत जमावाच्या हातून पोलिसांदेखत मारले गेले. चोर आलेत, पोरं पळवणारे, किडन्या काढणारे फिरताहेत, अशी आवई त्याआधी पाड्यापाड्यांवर उठली होती. माणसं रात्ररात्र पहारा देत होती. राज्याचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी 22 एप्रिलला अटकेतल्या 101 जणांची यादी जाहीर केली. तीत एकही मुसलमान नव्हता. तरी निवाडे थांबले नाहीत. कुणी ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे बोट दाखवलं, तर कुणी ‘आदिवासी असेच’ म्हणून विषय संपवला.

आवाज अस्पष्ट असला की मधली पोकळी मेंदू अपेक्षेने भरतो. दिल्लीतल्या निजामुद्दीनच्या तबलिगी मेळाव्यातून कोरोना पसरल्याच्या आरोपावरून तेव्हा देश तापलेला होता. अपेक्षा तयारच होती. आपल्याच पालघर जिल्ह्यात, वसईत, मार्चच्या मध्यावर होणारा तबलिगी मेळावा पोलिसांनी परवानगी नाकारल्याने झालाच नाही, हे मात्र फार थोड्यांना आठवतं. ठरावीक समजाला बळ देणारं तेवढं लक्षात राहतं आणि त्याला छेद देणारं गळून जातं.

ऑलपोर्ट आणि पोस्टमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1947मध्ये अफवांवर पुस्तक लिहिलं. त्यातला एक प्रयोग मी वर्गात हमखास सांगतो. भुयारी रेल्वेच्या डब्यातलं एक चित्र : वस्तरा गोऱ्या माणसाच्या हातात, समोर एक काळा माणूस. पहिल्याने चित्र पाहून दुसऱ्याला वर्णन करायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला. निम्म्याहून अधिक वेळा सांगता सांगता कुठेतरी वस्तरा काळ्या माणसाच्या हातात गेला.

पण पाड्यावरच्या माणसांनी साधूंना चोर का ठरवलं? 1934च्या बिहार भूकंपानंतर जमुना प्रसाद यांनी अफवा गोळा केल्या. जिथे धक्के जाणवले पण पडझड झाली नाही, तिथेही याहून भयंकर संकट येणार असं लोक एकमेकांना सांगत होते. भीती आधी येते, कारण मागून शोधलं जातं. टाळेबंदीत काम बंद, वाटा बंद, आजार न दिसणारा. अशा वेळी रात्री आलेली अनोळखी गाडी हे आयतं कारण होतं. धुळ्याच्या राईनपाड्यात 1 जुलै 2018 रोजी मंगळवेढ्याकडचे पाच नाथपंथी डवरी गोसावी पोरं पळवणारे समजून ठेचून मारले गेले. भगवी वस्त्रं अंगावर असलेला भिक्षेकरी एका घरी देवाचा माणूस असतो आणि दुसऱ्या घरी पोराला भीती घालायचा बागुलबुवा. दोन्ही समजुती एकाच समाजात सुखाने नांदतात.

आदिवासींबद्दलचे समजही असेच जोडीने येतात. हिरवा, हिमाय, वाघ्या यांना पुजणारा वारली एकाला धर्मच नसलेला वाटतो, तर दुसऱ्याला बाटायला टपलेला. त्याचं स्वतःचं म्हणणं फारसं कुणी विचारत नाही. पारशांचंही तेच. मुंबईत पारशी म्हटलं की दानशूर, थोडा विक्षिप्त. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर मात्र जुन्या माणसांना त्या नावाने जमीनदार आठवायचा. 1945च्या वारली उठावात ज्यांच्याविरुद्ध लढा झाला, त्या जमीनदार-सावकारांत हिंदू, मुसलमान, पारशी, इराणी सगळे होते. भांडण जमिनीचं आणि वेठीचं होतं. लोकांच्या बोलण्यात राहिली ती जात आणि धर्म.

‘माणसं एकत्र आली की गैरसमज जातात’ हे वाक्य मी भाषणांत फार ऐकतो. ते अर्धंच खरं आहे. ऑलपोर्टनेच 1954मध्ये अटी घातल्या : दर्जा बरोबरीचा हवा, उद्दिष्ट एक हवं, ते परस्परांवाचून साधणारं नसावं आणि वरच्यांचा त्याला पाठिंबा हवा. ही कसोटी बोईसरला लावून पाहा. तिथल्या तारापूर एमआयडीसीत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा आणि इथले पाडे एकाच गेटातून आत जातात. पण ठेकेदार आपल्या गावची माणसं आणतो, खोली ओळखीवर मिळते, जड काम एका गटाकडे आणि देखरेख दुसऱ्याकडे. डहाणू लोकलच्या डब्यातही ठरलेले ग्रुप ठरलेल्या जागी बसतात. अशी जवळीक समज मोडत नाही, उलट त्याला रोज नवा पुरावा पुरवते. ‘ते लोक’ फक्त पोती उचलताना दिसले, तर ते त्याच लायकीचे वाटू लागतात.

अटी पाळल्या की काय होतं, ते शेजारच्या भिवंडीने दाखवलं. 1970 आणि 1984च्या दंगलींनी पोळलेल्या या गावात तेव्हाचे पोलिस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हिंदू-मुसलमान शेजारी बसून वस्तीतली साधी भांडणं मिटवू लागले. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. तिथे कुणी सर्वधर्मसमभावावर व्याख्यानं झोडली नव्हती. अफवा आली, तेव्हा ती खरी का हे विचारायला पलीकडच्या वस्तीत ओळखीचा माणूस होता, इतकंच.

म्हणून माझी सूचना अगदी रुक्ष आहे. धोक्याच्या रसायनांवर काम करणाऱ्या कारखान्यांत कामगार आणि व्यवस्थापन यांची सुरक्षा समिती असावी लागते. तीत ठेक्यावरच्या कामगारांना, सगळ्या वस्त्यांतल्या माणसांना, बरोबरीची खुर्ची द्या. वायुगळती झाली तर कुणी कुणाला हाक मारायची, हे त्यांनी एकत्र बसून ठरवावं. पाड्यावरच्या ग्रामरक्षक दलाकडेही शेजारच्या गावांतल्या आणि पोलिस ठाण्यातल्या माणसांचे नंबर हवेत. मनातला पूर्वग्रह काढायला पिढ्या जातील. रात्री फोन करून खातरजमा करण्याची सोय महिन्याभरात होऊ शकते.