पाठीवरची अक्षरं

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. कारण तसं किरकोळ आहे, आमच्या सोसायटीची मीटिंग. पण ते डोक्यातून जाईना, म्हटलं लिहून टाकावं.

आमची सोसायटी विरार पश्चिमेला. चार विंग, एक गेट. पावसाळ्याच्या तोंडावर पार्किंगमधून दोन सायकली गेल्या, मग एकाचं कुरिअर गेलं. सीसीटीव्हीत बघितलं तर एक पाठमोरी आकृती दिसते, चेहरा नाहीच. मग मीटिंगमध्ये ठराव आला. घरकामाला येणाऱ्या सगळ्या बायकांना हिरवी जॅकेटं द्यायची, पाठीवर मोठ्या इंग्रजी अक्षरांत 'हाउसहेल्प'. गेटवर घालायचं, जाताना काढून ठेवायचं. म्हणजे कॅमेऱ्यात कोण आपलं आणि कोण परकं ते लगेच कळेल. हात वर करा म्हणाले, मीही केला. खरं सांगायचं तर तेव्हा मी मोबाइलवर क्रिकेटचा स्कोअर बघत होतो.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडच्या मावशी भांडी घासता घासता म्हणाल्या, "दादा, जॅकेट घालायला माझी ना नाही. पण माझा मुलगा दुपारी गेटासमोरच रिक्षा लावतो, मला न्यायला. त्याला ते दिसलं तर बरं वाटायचं नाही."

एवढंच. तक्रारीचा सूरही नव्हता. मी "बघू" म्हणालो आणि ऑफिसला निघालो. विरारच्या लोकलमध्ये विचार करायला जागा नसते हे तुम्हाला माहीतच आहे, पण त्या दिवशी लटकत असतानाही मला आजोबाच आठवत राहिले.

नात्यातल्या मंडळींना आजोबांची गोष्ट पाठ आहे, पण बाकीच्यांसाठी सांगतो. आजोबा खेड तालुक्यातले. फौजेत गेले ते मराठा पलटणीच्या दुसऱ्या बटालियनमध्ये. 'काली पाचवी' म्हणतात ती. २१ जून १९४२ रोजी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं तोब्रुक रोमेलच्या हाती पडलं आणि तीस हजारांहून जास्त माणसं एका झटक्यात कैदी झाली. त्यांत आमचे आजोबा. आधी इटलीतली छावणी. मग सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शस्त्रं खाली ठेवल्यावर जर्मनांनी त्यांना उचलून जर्मनीत नेलं.

आजोबा लढाईबद्दल फारसं बोलत नसत. थंडीबद्दल बोलत. आणि एका ओव्हरकोटाबद्दल. कुठल्या तरी भलत्याच फौजेचा जुना कोट, आजोबांना दोन वीत मोठा आणि पाठीवर रंगाने काढलेली दोन अक्षरं. जर्मन लोक कैद्यांच्या कपड्यांवर 'के' आणि 'जी' रंगवत, युद्धकैदी ह्या त्यांच्या शब्दाची ती आद्याक्षरं. कोट उबदार होता असं आजोबा प्रत्येक वेळी आवर्जून सांगत. पण मग म्हणत, "पाठीवर लिहिलेलं आपल्याला वाचता येत नाही रे. ते दुसऱ्यांनी वाचायचं असतं."

मी आठवी-नववीत असताना बाबांनी मला पाठीवर १० नंबर असलेला फुटबॉलचा टीशर्ट आणला. आजोबांनी तो मला उलटा घालायला लावला, शिवण बाहेर. मित्रांनी महिनाभर चिडवलं. तेव्हा मला आजोबांचा फक्त राग आला होता.

ह्या सगळ्याने मी वाचायला बसलो आणि एक गंमत लक्षात आली. आजोबा ज्या वाळवंटात पकडले गेले, त्याच वाळवंटात अकरा महिन्यांनी फासा उलटा पडला. मे १९४३ मध्ये ट्युनिशियात जर्मन आणि इटालियन फौजांनी शरणागती पत्करली. ह्या कैद्यांना ठेवायचं कुठे? अमेरिकेतून माल घेऊन आलेली जहाजं परत जाताना रिकामीच जायची, त्यांत भरून हजारोंना अमेरिकेला नेलं. युद्ध संपेपर्यंत अमेरिकेत पावणेचार लाखांच्या आसपास जर्मन कैदी जमले होते. टेक्सास, कॅन्सस, अलाबामा... शेकडो छावण्या.

त्यांच्या कपड्यांची गोष्ट मला फार रोचक वाटली. १९२९ च्या जिनिव्हा करारात कैद्यांच्या कपड्यांवर स्पष्ट कलमं आहेत. कपडे, आतले कपडे आणि बूट पकडणाऱ्या देशाने द्यायचे. ते वेळच्या वेळी बदलून आणि दुरुस्त करून द्यायचे. कामावर पाठवलं तर कामाचे कपडे वेगळे. आणि हुद्द्याची चिन्हं, पदकं काढून घ्यायची नाहीत. अमेरिकेने हे बऱ्यापैकी पाळलं. आपल्याच फौजेचे जुने, जादा झालेले शर्ट-पँट रंगवून कैद्यांना दिले, कामासाठी निळं डेनिम दिलं आणि त्यावर स्टेन्सिलने दोन ठळक अक्षरं मारली, 'पी डब्ल्यू'. प्रिझनर ऑफ वॉर. शर्टाच्या पाठीवर, पँटीच्या पायांवर नाहीतर बैठकीवर. ते कपडे घालून ही माणसं कापूस वेचत, लाकूड तोडत. मजुरी दिवसाला ८० सेंट, तीही छावणीतल्या कँटीनच्या कुपनांत, म्हणजे पळून जायला रोकड हाती नको. रविवारी मात्र अनेक जण पेटीतून आपला मूळ गणवेश काढत, इस्त्री करून, पदकं लावून घालत.

हे वाचून माझं मन जरा द्विधा झालं. ती हिटलरची फौज. त्या गणवेशाने युरोपात काय केलं ते सगळ्या जगाला ठाऊक आहे. तरी आठवड्यातले सहा दिवस पाठीवर अक्षरं वागवणाऱ्या माणसाला सातव्या दिवशी आपला शर्ट का घालावासा वाटतो, ते मला कळलं. आजोबांच्या त्या कोटामुळे कळलं असणार.

आता एक वेगळाच प्रसंग. २८ एप्रिल १९४४ च्या अंकात 'यांक' ह्या अमेरिकी फौजेच्या साप्ताहिकात एक पत्र छापून आलं. लिहिणारा रूपर्ट ट्रिमिंगहॅम नावाचा कृष्णवर्णीय कॉर्पोरल. तो आणि त्याचे आठ साथीदार लुइझियानातून प्रवास करत होते. सगळे अमेरिकेच्या गणवेशात. रेल्वे स्टेशनच्या खानावळीत त्यांना पुढे बसू दिलं नाही, कॉफी हवी तर मागे स्वयंपाकघरात या म्हणाले. थोड्या वेळाने दोन पहारेकऱ्यांबरोबर सुमारे दोन डझन जर्मन कैदी आले. ते टेबलांवर बसले, त्यांना जेवण वाढलं गेलं, ते हसले-बोलले, सिगरेटी ओढल्या. ट्रिमिंगहॅमने विचारलं होतं की असं का? पत्राला शेकडो सैनिकांनी पाठिंब्याची उत्तरं पाठवली.

म्हणजे अंगावर देशाचा गणवेश असूनही माणूस स्वयंपाकघरात आणि शत्रूचा कैदी टेबलावर. कोणाला कुठे बसवायचं हे लोकांनी आधीच ठरवलेलं होतं. गणवेश काय, अक्षरं काय, ठरवलेलं असलं की सगळं त्यामागून येतं. इथे मला आमचा हात वर करण्याचा कार्यक्रम आठवून जरा अस्वस्थ वाटलं. चोर कोण असणार हे आम्हीही आधीच ठरवलं होतं ना? कॅमेऱ्यातली ती पाठमोरी आकृती कामवाली आहे असं कुणी सिद्ध केलं होतं?

आणि आता आपल्याकडची गोष्ट, जिच्यासाठी एवढं पाल्हाळ लावलं. जर्मन बंदिवान आपल्या महाराष्ट्रातही होते. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा हिंदुस्थानात असलेल्या जर्मनांना इंग्रजांनी पकडलं. व्यापारी, खलाशी, मिशनरी. त्यांतल्या अनेकांना नगरला (आताचं अहिल्यानगर) ठेवलं, मग देवळालीला आणि पुढे डेहराडूनच्या मोठ्या छावणीत. हे सैनिक नव्हते, नागरी स्थानबद्ध होते. नंगा पर्वताच्या मोहिमेवरून परतताना कराचीत अडकलेला ऑस्ट्रियन गिर्यारोहक हाइनरिश हारर त्यांतलाच. तिबेटवरच्या पुस्तकामुळे पुढे जगप्रसिद्ध झालेला. (तो एसएसचा सदस्य होता हे १९९७ मध्ये उघड झालं, तेव्हा त्याला डोक्यावर घ्यायचं काही कारण नाही.)

२९ एप्रिल १९४४, म्हणजे ते पत्र छापून आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, भर दुपारी सात जण डेहराडूनच्या छावणीतून बाहेर पडले. भुयार नाही, गोळीबार नाही. दोघांनी इंग्रज अधिकाऱ्यांचा वेष केला, हातात नकाशाची गुंडाळी. बाकीच्या पाच जणांनी हिंदी मजुरांचा. तोंडाला रंग फासला, डोक्याला फेटे बांधले, खांद्यावर शिडी, हातात डांबराचा डबा आणि काटेरी तारेचं भेंडोळं. तारेच्या कुंपणाची डागडुजी करणारी टोळी पहारेकरी नेहमीच बघत. सातही जण मुख्य फाटकातून चालत बाहेर गेले! दोन 'अधिकारी' पुढे ब्रह्मदेशात जपान्यांपर्यंत पोचले, हारर आणि त्याचा साथी आउफश्नाइटर ल्हासाला.

फाटकावरच्या पहारेकऱ्यांचं काय चुकलं? त्यांनी कपडे बरोबर ओळखले. साहेब म्हणजे साहेब, मजूर म्हणजे मजूर. मजुराच्या तोंडाकडे कोण बघतो?

मला माझा मुद्दा सापडला होता. पुढच्या मीटिंगला मी उभा राहिलो. आधी कबूल केलं की मागच्या वेळी मीही हात वर केला होता, आणि का केला होता तेही सांगितलं. मग डेहराडूनची गोष्ट सांगितली. लोक हसले, पण ऐकलं. म्हटलं, उद्या कुणीही बाई गेटवरचं हिरवं जॅकेट अडकवून आत येईल आणि आपला वॉचमन सलाम ठोकेल. जॅकेट दिसलं की त्याचं काम संपलं. त्यापेक्षा कॅमेरा खाली घ्या, गेटकडे तोंड करून लावा. नाव-फोटोचं कार्ड करा, ते पर्समध्ये राहील. मुख्य म्हणजे येणाऱ्या माणसाला तोंडाने ओळखा.

खजिनदार काका म्हणाले, "अहो, पण बारा जॅकेटं छापून आलीत, त्याचं काय?" हा प्रश्न मला सुचलाच नव्हता.

मग बँकेतून रिटायर झालेल्या एक काकू शांतपणे म्हणाल्या, "तोंडाने ओळखा म्हणताय ते पटलं. तुमच्याकडच्या मावशींचं नाव काय?"

मला येईना. सहा वर्षं त्या आमच्याकडे येतायत. माझ्या मुलीच्या तापात रात्री थांबल्यात. बायकोला माहीत असेल, पण ती मीटिंगला नव्हती. मी "मावशी" एवढंच म्हणालो आणि खाली बसलो. आमच्याकडे त्यांच्या पाठीवर जॅकेट नव्हतं एवढंच, बाकी काय वेगळं होतं?

आजोबा मला लहानपणी वसईच्या किल्ल्यात न्यायचे. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला तेव्हा हरलेल्या पोर्तुगीजांना हत्यारांनिशी, नगारे वाजवत, बायकापोरं आणि सामान घेऊन बाहेर जाऊ दिलं होतं. आजोबा त्या दरवाजाशी उभे राहून दर वेळी तेच सांगायचे, "स्वतःच्या कपड्यांत गेले बघ." मला वाटायचं, म्हाताऱ्याला एवढ्या लढाईतलं नेमकं हेच कसं लक्षात राहतं!

ठराव पुढच्या सभेपर्यंत स्थगित झाला. रद्द नाही. कॅमेरा खाली आलाय, कार्डांचं काम चालू आहे. बारा हिरवी जॅकेटं सोसायटीच्या ऑफिसात कपाटावर पडून आहेत आणि काका माझ्याशी अजून जरा तुटकच बोलतात. असो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मावशींना विचारलं, "मावशी, तुमचं पूर्ण नाव काय हो?" त्या जरा दचकल्या. वाटलं असेल की काही चोरीबिरीचं निघालं. मग कार्डाचं सांगितलं तेव्हा नाव, वडलांचं नाव, सासरचं आडनाव, माहेरचं आडनाव असं सगळं सांगितलं. इथे लिहीत नाही, ते त्यांचं आहे.

मग हात पुसत त्यांनी विचारलं, "आणि तुमचं हो, दादा? मला आपलं तीनशेदोनवाले दादा एवढंच माहितीय."