काडेपेटीतली चकती

माझ्या टेबलाच्या खणात, काडेपेटीत कापसावर ठेवलेली एक भुरकट चकती आहे. रुपयाएवढी, पण पापडाहून पातळ. घरच्या मंडळींनी ती दोनदा केरात काढली होती आणि दोन्ही वेळा मी घर डोक्यावर घेतले होते.

गोष्ट १९८६ सालची. मी एका प्रयोगशाळेत प्लॅटिनमच्या उत्प्रेरकावर काम करीत होतो. उत्प्रेरक म्हणजे लग्न जुळवून देणारा मध्यस्थ. स्वतः जसाच्या तसा राहतो असे पुस्तके सांगतात. प्रत्यक्षात तोही झिजतो, पण ते पुढे.

सिलिकाच्या भुकटीवर प्लॅटिनमचे सूक्ष्म कण बसवायचे, दाबयंत्रात तिची चकती करायची (दहांतल्या सहा मोडायच्याच!), ती निर्वात नळीत टांगून कार्बन मोनॉक्साइड सोडायचा आणि आरपार अवरक्त किरण पाठवायचे. मोकळ्या वायूची खूण वर्णपटावर दर सेंटीमीटरला २१४३ लहरींपाशी असते. प्लॅटिनमला बिलगलेल्याची २०७० च्या आसपास. आयशेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये हे अमेरिकेत दाखवले. वायू कोणाला बिलगला आहे हे कागदावर वाचता यावे, याचे मला आजही नवल वाटते.

भट्टीने तापवले की चकतीबरोबर काच, मिठाच्या खिडक्या, सारेच तापते. म्हणून आम्ही कार्बन डायऑक्साइडचा लेसर आणला. त्याचे किरण खिडक्यांतून निघून जातात, सिलिका मात्र ते पिऊन टाकते. हा लेसर १९६४ मध्ये कुमार पटेल यांनी बेल प्रयोगशाळेत सिद्ध केला. ते जन्मले बारामतीला आणि अभियांत्रिकी शिकले पुण्याला. या गोष्टीचा मला उगाचच अभिमान होता.

चकतीच्या कडेला तापमान मोजणारी तार होती. ती ११० अंश दाखवीत असताना २०७० ची खूण नाहीशी झाली. एवढ्या थोड्या उष्णतेने वायू सुटला! आम्ही लगेच लेख पाठवला.

आठवड्याने तीच चकती थंड करून पुन्हा वायू सोडला. खूण उमटली, पण निम्म्याच उंचीची. मग प्लॅटिनम गेले कुठे? संशय आला म्हणून तार मागच्या बाजूने चकतीच्या मध्यावर टेकवली आणि लेसर लावला. काटा ११० ओलांडून असा धावत सुटला, की मीच घाबरून लेसर बंद केला. कड कोमट होती, मध्य भाजत होता. तिथले कण एकमेकांना मिळून मोठे झाले होते आणि वायूला बसायला जागा उरली नव्हती. माझे ११० अंश कडेचे होते.

शिष्यवृत्तीचे चार महिने उरले होते. सर डबा खात होते. मी उभ्यानेच सगळे सांगितले. त्यांनी पोळीचा तुकडा तसाच डब्यात ठेवला, बराच वेळ चकतीकडे पाहिले आणि म्हणाले, "पत्र तू लिही. सही मी करतो."

लेख मागे घेत असल्याच्या त्या तीन ओळींना मला सारी दुपार लागली. शिष्यवृत्ती संपल्यावर आठ महिने मी शिकवण्या केल्या, आणि संध्याकाळी जाऊन तार मध्यावर ठेवून सगळी मापे पुन्हा घेतली.