सीताबर्डीची एक फेरी

विदर्भातील वाचकांस सीताबर्डीची ओळख करून देण्याचे कारण नाही. पुण्या-मुंबईकडील मंडळींस मात्र नागपूर म्हटले की संत्री आणि उन्हाळा एवढेच आठवते. त्यांच्यासाठी दोन शब्द. शहराच्या मध्यभागी दोन टेकड्या आहेत. 26 व 27 नोव्हेंबर 1817 रोजी आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची व इंग्रजांची लढाई झाली ती येथेच. वर किल्ला असून तो लष्कराच्या ताब्यात आहे, आणि खाली पसरलेल्या बाजारपेठेस नागपूरकर नुसते ‘बर्डी’ म्हणतात. मेट्रोच्या दोन्ही मार्गांचा संगमही येथेच होतो. मुख्य रस्त्याला फुटणाऱ्या गल्ल्यांना ‘मोदी नंबर’ असे म्हणून पुढे आकडा लावण्याची येथील रीत आहे. त्यांतून विजेच्या व इलेक्ट्रॉनिक सामानाची दुकाने दाटीने वसली आहेत. मे महिन्यातल्या एका सकाळी, ऊन चढावयाच्या आत, आम्ही शंकरनगरहून मेट्रोने तिकडे निघालो ते घरच्या संगणकाची हार्ड डिस्क रुमालात गुंडाळून.

ही वस्तू मोठी नाजूक. आत आरशासारख्या गुळगुळीत चकत्या मिनिटास 5400 किंवा 7200 फेरे घेत असतात, आणि वाचणारी सुई (सुई म्हणावयाचे एवढेच, ती टेकत नाही) त्यांच्यावरून काही नॅनोमीटर अंतर राखून तरंगत जाते. तिला आपली जागा सापडेनाशी झाली की ती पुन्हा पुन्हा मागे फिरते आणि घड्याळासारखी टिकटिक ऐकू येते. 1956 साली आय.बी.एम. कंपनीने अशी पहिली यंत्रणा विक्रीस आणली तेव्हा 24 इंच व्यासाच्या 50 चकत्या मिळून 50 लाख अक्षरे मावत. आज तळहाताएवढ्या पेटीत लाख कोटी मावतात. आमच्या पेटीत अकरा माणसांच्या घराची बिले, मुंजी-लग्नांची छायाचित्रे आणि गेल्या श्रावणात निवर्तलेल्या थोरल्या काकूंच्या आवाजातील मंगळागौरीची सतरा गाणी होती.

दुकानदार सज्जन होता. त्याने पावती पाहिली, पेटीवरचा सीरियल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर घालून पाहिला, आणि तीन वर्षांच्या हमीतले पाच महिने अद्याप शिल्लक असल्याचे सांगितले. आम्हांस हायसे वाटले तोच तो म्हणाला, “काकाजी, डिस्क फुकट भेटेल, पण आतलं सामान नाही भेटणार. अन् जुनी परत येत नाही, बरं का.”

हमीच्या कागदावर बारीक अक्षरांत जे लिहिलेले असते ते या एका वाक्यात आले. हमी असते ती भांड्याची, भांड्यातल्या दुधाची नव्हे. कंपनी जुनी पेटी ठेवून घेते. बदली येणारी कित्येकदा दुरुस्त केलेलीच असते. पेटी उघडली तर हमी संपते, आणि आतला मजकूर तज्ज्ञाकडून काढून घ्यावयाचा तर धूळविरहित खोली लागते व तिचे मोल नव्या डिस्कच्या किमतीच्या कित्येक पट होते. त्याने फुकटचा एक सल्लाही दिला: वारंवार चालू करून पाहू नका, एकदा चालू केली की महत्त्वाचे ते आधी उतरवून घ्या.

त्या रात्री पुतण्या जागला. आधी गाणी, मग छायाचित्रे, शेवटी बिले. पेटी दोनदा गप्प झाली. पहाटेपर्यंत चौदा गाणी सुखरूप उतरली, तीन अडली.

घरात दोन तट पडले. दादांचे म्हणणे, हमी वाया का घालवा? धाकट्या वहिनींना निराळीच चिंता. बँकेचे क्रमांक, मुलांची आधारपत्रे परक्याच्या हाती कशी द्यावी? ही चिंता खोटी नव्हे. मरू घातलेली पेटी पुसून काढण्याचा भरवसा देता येत नाही. आरंभापासून मजकुरास सांकेतिक कुलूप घातलेले असेल तरच स्वस्थता. काका एवढा वेळ गप्प होते. त्यांनी आत्याला विचारले, “ती तीन गाणी तुला येतात?” आत्या म्हणाली, “दोन येतात. तिसऱ्याचा शेवट वहिनी दरवेळी निराळा म्हणायची.” काका काही वेळ बसून राहिले. मग म्हणाले, “दोन तू म्हण. पेटी जाऊ दे.” पुसता आले तेवढे पुसून पेटी रवाना झाली.

सेवाकेंद्राने पंधरा दिवस सांगितले होते; महिना उलटला. दूरध्वनीवर प्रत्येक वेळी नवा माणूस आणि जुने उत्तर. येथे एक गोष्ट ठाऊक असणे बरे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगापुढे त्यास दाद मागता येते. कंपनीचे कार्यालय बंगळुरास असले तरी नागपूरकराने तेथवर जावयाचे कारण नाही. 5 लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीस शुल्कही नाही, आणि सल्ल्यासाठी 1915 हा राष्ट्रीय क्रमांक आहे. दादांनी पावतीची प्रत जोडून, तारखा क्रमाने मांडून व या कायद्याचा उल्लेख करून एक सौम्य पत्र धाडले. आठव्या दिवशी पार्सल आले.

सोबतच्या चिठ्ठीत लिहिले होते की बदली डिस्कची हमी नव्याने सुरू होत नाही, जुनीचीच उरलेली मुदत लागू राहील. म्हणजे साडेतीन महिने. काकांनी ती तारीख पंचांगात तांबड्या शाईने लिहून ठेवली, आणि गाण्यांची दुसरी प्रत आत्याच्या हवाली केली.