आठशे तीस नावे

‘भगिनी-शहर’ हा शब्द कानी पडला, की महापौरांची हस्तांदोलने, शाल-श्रीफळ आणि करारावरील सह्या आमच्या डोळ्यांसमोर येतात. आपल्या मुंबईचे जर्मनीतील स्टुटगार्टशी १९६८ सालापासून असे नाते आहे. पण किती मुंबईकरांना ते ठाऊक असेल, कोण जाणे! सोहळा आटोपला की बहुतेक नाती फायलींत निजतात.

इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहराची गोष्ट निराळी. तेथे या नात्याचा आरंभ सुई-दोऱ्याने झाला.

१४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी या शहरावर बॉम्बवर्षाव केला. पाचशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. संत मायकेलच्या मध्ययुगीन कॅथेड्रलच्या बाहेरच्या भिंती आणि मनोरा तेवढा उरला. दोन वर्षांनी रशियातील स्टालिनग्राडवर याहून कितीतरी भयंकर प्रसंग ओढवला. तेव्हा कॉव्हेंट्रीच्या ८३० स्त्रियांनी एका टेबलक्लॉथवर आपापली नावे भरतकामाने काढली, प्रत्येकीने सहा पेन्स दिले आणि युद्ध चालू असतानाच ते वस्त्र स्टालिनग्राडला धाडले. मोठ्या कळवळ्यापेक्षा थोडीशी मदत बरी, अशा अर्थाचे शब्द त्यांनी त्यावर भरले होते. सणासाठी वेदीवस्त्रे भरणाऱ्या आपल्या धर्मग्रामांतील भगिनींना एकेका अक्षरामागचे कष्ट सांगायला नकोत. सहा-सहा पेन्सांनी भग्न नगर उभे राहत नाही, हे त्या स्त्रियांना कळत नव्हते थोडेच! १९४४ साली दोन्ही शहरांचे नाते रीतसर जुळले.

तरीही स्टालिनग्राड हे मित्रराष्ट्राचे शहर होते. ज्यांच्या विमानांनी आपले घर जाळले, त्यांचे काय?

कॅथेड्रलचे प्रमुख रिचर्ड हॉवर्ड यांनी १९४० च्या नाताळातच, त्या भग्नावशेषांतून केलेल्या रेडिओ भाषणात, सूडाची भाषा नाकारली होती. राखेत ताजी धग असताना हे बोलणे किती श्रोत्यांना रुचले असेल? पुढे वेदीमागील भिंतीवर ‘पित्या, क्षमा कर’ एवढेच कोरले गेले. ‘त्यांना’ हा शब्द मुद्दाम गाळला होता. हॉवर्ड अँग्लिकन, आम्ही कॅथलिक. पण कालवारीवरील ती प्रार्थना दोघांचीही आहे. तिच्यातील एक शब्द वगळताच ती आपल्याही अंगावर येते, हे आम्हांला मोठे विलक्षण वाटते.

१९४७ साली कॉव्हेंट्रीने जर्मनीतील कीलशी आणि १९५९ साली ड्रेस्डेनशी नाते जोडले. फेब्रुवारी १९४५ मध्ये ब्रिटिश आणि अमेरिकन विमानांनी ड्रेस्डेन बेचिराख केले होते. तेथील मृतांची संख्या इतिहासकार २५,००० पर्यंत धरतात. १९६५ साली इंग्लंडमधील तरुण तेथे गेले आणि एका ख्रिस्ती रुग्णालयाच्या पुनर्बांधणीत त्यांनी ढिगारे उपसले. त्याच्या काही वर्षे आधी जर्मन तरुण कॉव्हेंट्रीत येऊन असेच राबले होते. ड्रेस्डेनच्या फ्राउएनकिर्शे या पुन्हा उभारलेल्या चर्चच्या घुमटावर २००४ साली सोनेरी क्रूस चढला. तो ज्या लंडनच्या कारागिराच्या हातून घडला, त्याचे वडील त्या बॉम्बहल्ल्यातील वैमानिक होते.

एवढे सारे सुरळीत झाले, असे मात्र कोणी समजू नये. स्टालिनग्राडचे नाव १९६१ साली व्होल्गोग्राड झाले, तरी कॉव्हेंट्रीशी असलेले त्याचे नाते शीतयुद्धातही टिकले. रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर २०२२ साली मात्र कॉव्हेंट्रीच्या नगरपालिकेने ते स्थगित केले. आम्ही या निर्णयाला नावे ठेवणार नाही. युक्रेनच्या घरांवर बॉम्ब पडत असताना मेजवान्यांची देवघेव चालू ठेवणे शोभले नसते. पण ठराव नगरपालिकेचा. त्या ८३० जणींनी आपली नावे कोणत्याही राज्यकर्त्याला पाठवली नव्हती. ती पोहोचली होती छप्पर गमावलेल्या घरांतील बायकांकडे. व्होल्गोग्राडच्या युद्धसंग्रहालयाने तो टेबलक्लॉथ जपला आहे, आणि त्यावरील एकाही नावाचा टाका कोणी उसवलेला नाही.