वावळ्याची सावली

शहापूरहून किन्हवलीमार्गे सरळगाव आणि तेथून मुरबाड, हा रस्ता गृहभेटींच्या निमित्ताने मी अनेक वर्षे पायाखाली घातला आहे. माहुलीचे सुळके मागे पडले, की शेताच्या बांधावर किंवा देवळाजवळ एखादा वावळा दिसतो. करडी साल, ऐसपैस विस्तार, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पापडीसारख्या चपट्या, गोल फळांचे घोस. पान चुरगळले, की उग्र वास येतो. संस्कृतात हाच चिरबिल्व. पाश्चात्त्य देशांतील प्रसिद्ध एल्म वृक्षाच्या कुळातला हा आपला नातलग.

किन्हवलीपलीकडच्या एका खेड्यातील 80 वर्षांचे एक बाबा रोज वावळ्याच्या पारापर्यंत चालत जाऊन बसत. पुढे मुलाने त्यांना शहापुरातील नव्या घरी आणले. तेथे कुंपणालगत खांबासारखे सरळ वाढणारे, अशोक म्हणून विकले जाणारे वृक्ष होते. जागा थोडी व्यापतात, शोभाही देतात. पण त्यांच्याखाली बसण्यापुरती सावली पडत नाही. बाबांचे बाहेर पडणे थांबले. चार महिन्यांत त्यांच्या मांड्या सुकल्या. खुर्चीतून उठताना आधार लागू लागला. पहिल्या भेटीत मी केवळ शक्तिवर्धक गोळ्या लिहून दिल्या. त्यांचे चालणे कधी आणि का थांबले, हे विचारायचे राहिले. ही चूक माझी.

एल्मच्याही अशा अरुंद जाती आहेत. इंग्लंडमधील 'व्हीटली एल्म' शंकूसारखा उंच वाढतो, म्हणून तो रस्त्यांच्या कडेला लावला जाई. सालीतील भुंगेऱ्यांमार्फत पसरणाऱ्या बुरशीच्या रोगाने 1960 नंतरच्या दशकांत तेथील कोट्यवधी एल्म मेले. ब्रायटन शहरात मात्र हजारो एल्म टिकले, त्यांत व्हीटलीही आहेत. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला टेकड्या, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण म्हणजे पाळत. ऐन उन्हाळ्यात एखाद्याच फांदीची पाने पिवळी पडून कोमेजली, की रोग ओळखून ती फांदी किंवा ते झाड वेळीच काढले जाते.

घरातील वृद्धांच्या बाबतीतही पहिली खूण अशीच लहान असते. देवळात जाणे बंद होते, जिना टाळला जातो, उठताना हात खुर्चीच्या दांड्यावर जातो. 'वय झाले' म्हणून ती सोडून देऊ नये, डॉक्टरांना दाखवावे. गुडघे, दृष्टी, रक्तदाब, पडण्याची भीती, यांपैकी कारण कोणतेही असू शकते. बाबांच्या बाबतीत ते सावलीचे होते.

गल्लीच्या टोकाला, देवळासमोर, सुदैवाने एक जुना वावळा होता. सूनबाईंनी त्याखाली खुर्ची ठेवली आणि सकाळ-संध्याकाळ बाबांना हात धरून नेऊ लागल्या. दोन महिन्यांनी मी गेलो, तेव्हा बाबा काठी टेकून स्वतः उठले.

एक सूचना मात्र ध्यानात असावी. हिवाळ्याच्या अखेरीस वावळा फुलतो आणि त्याच्या परागांनी काहींना शिंका किंवा दमा उद्भवतो. अशांनी त्या दिवसांत दुसरे झाड शोधावे. चालणे मात्र सोडू नये.