तंजावरचा जोडकागद

कळंबोली,
रविवार दुपार

अगं ए,

तुझं पार्सल मिळालं. मुरुक्कूचा पार भुगा झाला होता, तो आम्ही पोह्यांवर घालून खाल्ला. तुला सांगते, शेवेपेक्षा छान लागला! सोबतचं पत्र मात्र चारच ओळींचं. कॉलेजात तासाच्या तासाला चिठ्ठ्या पाठवणारी तू हीच का?

सध्या भाचा आलाय. त्याला भोसले घराण्याची वंशावळ काढायचीय. ह्यांनी लोखंड बाजारातल्या ऑफिसातून मोठे कागद आणले आणि आम्ही मावशी-भाचे हॉलच्या फरशीवर पालथे पडलो. बाहेर एक्स्प्रेसवेकडे जाणारे ट्रक, आत पंख्याने कागद उडू नये म्हणून ठेवलेला पोळपाट. शहाजीराजांपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग फाटे फुटायला लागले. साताऱ्याला शाहूमहाराज, पन्हाळ्याला ताराबाईंचा मुलगा शिवाजी. १७१४ मध्ये सवतीनेच, राजसबाईंनी, ताराबाईंना मुलासकट कैदेत टाकलं आणि आपल्या संभाजीला गादीवर बसवलं. १७३१ च्या वारणेच्या तहात सातारा आणि कोल्हापूर रीतसर वेगळे झाले. तिसऱ्यांदा ‘संभाजी’ लिहिताना भाचा वैतागलाच, “मावशी, ह्यांच्याकडे दुसरी नावंच नव्हती का गं?”

अक्कलकोटची फांदी त्याला सगळ्यात आवडली, कारण ती कलम केलेली. पारदच्या लढाईनंतर एका बाईने आपलं पोर शाहूमहाराजांच्या पायावर घातलं. महाराजांनी त्याचा सांभाळ केला, लोखंड्यांचा राणोजी फत्तेसिंह भोसले झाला! ती फांदी त्याने हिरव्या खडूने काढलीय.

आणि तुमचं तंजावर कागदात मावेचना. शिवरायांचे सावत्र भाऊ व्यंकोजी १६७६ च्या सुमारास तिथे राजे झाले, तेव्हा ती फांदी थेट खाली दक्षिणेकडे निघाली. शेवटी डिंकाने दुसरा कागद जोडला.

जोडताना तूच आठवलीस गं. मोठ्या देवळात, त्या उन्हात, दगडापासून चार बोटं अंतर ठेवून तू तो मराठी लेख मोठ्याने वाचत होतीस आणि चिमुरड्या मुलींचा घोळका तुझ्याभोवती जमला होता. तेव्हा मला फक्त तहान लागली होती. आता त्या सरफोजीराजांचा विचार करते तर गलबलून येतं. दत्तक आलेला मुलगा. १७९९ मध्ये कंपनीने राज्य घेतलं, हातात जेमतेम किल्ला उरला. आणि १८०३ मध्ये त्यांनी चिटणीस बाबूरावांकडून अख्ख्या घराण्याची कथा लिहवून देवळाच्या भिंतीवर कोरवली, तीही मराठीत. इकडे साताऱ्या-कोल्हापुरात भोसले कोण हे कुणाला सांगावं लागत नव्हतं. तिकडे कावेरीकाठी बसून त्यांना वाटलं असेल, आता नाही लिहिलं तर आपण कुठून आलो हे कोण सांगणार? तू तिथे लेकीला मराठी बाराखडी का घोकायला लावतेस ते मला आत्ता कळलं. तेव्हा उगाच चिडवलं तुला.

१८५५ मध्ये तंजावरचे शेवटचे राजे, शिवाजी, गेले, मुलगा नव्हता, कंपनीने तेवढंही काढून घेतलं. तिथे भाच्याने खडू खाली ठेवला. म्हटलं, थांबू नकोस, त्यांचे वंशज अजून तंजावरच्या वाड्यात राहतात. त्याने खाली वीतभर जागा कोरी सोडलीय. देवळात जाशील तेव्हा त्या लेखाचा फोटो पाठव, तिथे चिकटवायचाय.

कागद अजून फरशीवरच आहे. हे सकाळपासून चहाचा कप सांभाळत तंजावर ओलांडून बाल्कनीत जातायत.

मुरुक्कू परत पाठव, पण या वेळी डब्यात. आणि पत्र मोठं लिही.

तुझीच,
मी